वाचकांचे प्रश्न : विज्ञानाचा तास आणि चित्रकलेचा तास

प्रश्न : मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. विज्ञान आणि कला यांचे एकात्मिक अध्यापन करायचे आमच्या शाळेने ठरवले, त्यानुसार प्रकाशसंश्लेषणाची भित्तिपत्रके झाली आणि अणुरचनेवर गाणे बसवले गेले. मुले रमली, परंतु चाचणीत नेहमीच्याच चुका आढळल्या. हा प्रयोग मुळातच वरवरचा आहे, की आमच्याकडून काही राहून जात आहे?

उत्तर : आपल्या दोन्ही उपक्रमांत विज्ञानाचा आशय आधी पूर्ण झाला आणि कला त्यावर नंतर चढवली गेली. भित्तिपत्रकाची सजावट काढून टाकली तरी प्रकाशसंश्लेषणाच्या आकलनात काडीचाही फरक पडणार नाही. (अणूवरील गाण्यांनी तर कधीकधी गैरसमजच पक्के होतात; त्यांतले इलेक्ट्रॉन अजूनही ग्रहांसारखे प्रदक्षिणा घालत असतात.) उपक्रम ठरवताना स्वतःला विचारावे, की यातील कलेची कृती वगळली तर विज्ञानातले नेमके काय समजायचे राहून जाईल? उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर तो उपक्रम करमणूक म्हणून जरूर करावा, पण त्यावर एकात्मिक अध्यापनाचा भार टाकू नये.

या कसोटीला उतरणारे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासातच आहे. १६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये गणितज्ञ टॉमस हॅरियट याने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचे चित्र काढले. त्यात उजेड आणि अंधार यांच्यामधली सीमारेषा वेडीवाकडी दिसते आणि काही डागही आहेत, परंतु उंचसखलपणाचा मागमूस नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओने तशीच वेडीवाकडी सीमारेषा पाहिली आणि ती डोंगरांच्या व खळग्यांच्या सावल्यांमुळे तशी झाली आहे, हे ओळखले. गॅलिलिओची दुर्बीण अधिक शक्तिशाली होती, हे खरेच. पण त्याला चित्रकलेचीही चांगली जाण होती, आणि सपाट कागदावर छायाप्रकाशाने वस्तूचा उठाव कसा दाखवतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला डागात सावली दिसण्याची शक्यता अधिक असते, असे कलेतिहासाचे अनेक अभ्यासक मानतात. मला त्यांचे म्हणणे पटते. १६१० मध्ये गॅलिलिओचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर हॅरियटने काढलेल्या चंद्रचित्रांत विवरे दिसू लागतात, ही गोष्टही बोलकी आहे.

वर्गात हे असे करता येईल. चुरगळलेल्या कागदाचा गोळा करून त्यावर पांढरा कागद खडबडीत चिकटवावा, खोलीत अंधार करावा आणि एकच दिवा ठेवावा. चित्रकलेच्या शिक्षकांनी आधी पेन्सिलीच्या फिकट ते गडद अशा चार-पाच छटांची पट्टी मुलांकडून करून घ्यावी. पहिले चित्र दिवा पाहणाऱ्याच्या पाठीमागे ठेवून आणि दुसरे तो बाजूला ठेवून काढायला सांगावे. पहिल्या चित्रात गोळा जवळजवळ सपाट वाटतो, दुसऱ्यात प्रत्येक उंचवटा उठून येतो. त्यामुळे चंद्राची विवरे पौर्णिमेपेक्षा अर्धचंद्राच्या वेळी अधिक स्पष्ट का दिसतात, हे सांगावे लागत नाही. त्यानंतर गणिताकडे वळावे. गॅलिलिओला सीमारेषेपलीकडे, अंधाऱ्या भागात, काही प्रकाशित ठिपके दिसले. ती उन्हात आलेली शिखरे होती. त्याने चंद्राची त्रिज्या १००० मैल आणि ठिपक्याचे सीमारेषेपासूनचे अंतर १०० मैल धरले. सीमारेषेपाशी चंद्राला स्पर्श करून जाणारा किरण शिखराच्या टोकाला पोहोचतो, म्हणून चंद्राचे केंद्र, सीमारेषेवरचा स्पर्शबिंदू आणि शिखराचे टोक यांचा काटकोन त्रिकोण तयार होतो. १००० आणि १०० यांच्या वर्गांची बेरीज १०,१०,००० येते आणि तिचे वर्गमूळ १००४ पेक्षा जास्त भरते. त्यातून त्रिज्येचे १००० मैल वजा केले, की शिखराची उंची चार मैलांहून अधिक येते. पायथागोरसचा सिद्धान्त शिकलेल्या कोणत्याही मुलाला हे गणित जमते. इथे रेखाटन वगळले, तर गणित करण्याजोगी गोष्टच हाती राहत नाही.

प्रश्न : मी चित्रकला शिकवतो. अशा उपक्रमांत कलेला नेहमी विज्ञानाची सेवा करावी लागते, असा माझा अनुभव आहे. उलट दिशेने काही करता येणार नाही का?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि तिचे निवारण आपल्याच विषयात आहे. पॅरिसमधील गोबलँ या, भिंतीवर लावायचे चित्रमय पडदे (टॅपेस्ट्री) विणणाऱ्या कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल हे रंगविभागाचे प्रमुख होते. काळा धागा निळ्या आणि जांभळ्या भागांत वापरला, की निस्तेज दिसतो, अशी तक्रार त्यांच्यापर्यंत आली. धागा तपासला तेव्हा रंगद्रव्यात दोष नव्हता. शेजारच्या रंगामुळे काळा रंग तसा भासत होता. या शोधावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये निघाला आणि पुढे चित्रकारांनी त्याचा मोठा उपयोग केला. प्रश्न कलेच्या कामातून आला आणि उत्तर प्रयोगातून मिळाले.

आपल्या तासाला एकाच करड्या कागदाचे दोन चौकोन कापून एक पिवळ्या आणि दुसरा निळ्या पार्श्वभूमीवर चिकटवायला द्यावा. ते वेगळे का दिसतात, हे विचारून मुलांना अंदाज लिहायला लावावेत आणि मग दोन्ही चौकोनांना जोडणारी त्याच करड्या कागदाची पट्टी मध्ये ठेवून ते अंदाज तपासू द्यावेत. मुलांनी त्यानंतर काढलेल्या चित्रात हा परिणाम हेतुपुरस्सर वापरला, तर आपला तास आपलाच राहिला असे समजावे.

प्रश्न : वेळापत्रकात एवढा वेळ कुठून आणायचा?

उत्तर : सत्रात असा एकच विषय घ्यावा. विज्ञानाचा आणि चित्रकलेचा तास लागून आले, तर काम सोपे होते; तसे नसेल, तर रेखाटन चित्रकलेच्या तासाला व चर्चा विज्ञानाच्या तासाला करावी. दोन्ही शिक्षकांनी आधी एकत्र बसून स्वतः ती चित्रे काढून पाहणे मात्र टाळता येणार नाही, कारण अडचणी तिथेच कळतात.

प्रश्न : अशा कामाला गुण कसे द्यावेत? आमच्याकडे देखणे चित्र काढणाऱ्यालाच सगळे गुण जातात आणि चित्र न जमणारी मुले हिरमुसतात.

उत्तर : दोन विषयांचे गुण स्वतंत्र ठेवावेत आणि त्यांची सरासरी काढू नये. विज्ञानाच्या शिक्षकांनी चित्रातील सर्व सावल्या एकाच दिव्याशी जुळतात का, जे दिसले तेच काढले आहे की जे दिसायला हवे असे वाटले ते, एवढे पाहावे; हात किती सफाईदार आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. छटांची चढउतार आणि मांडणी यांचा निवाडा चित्रकलेच्या शिक्षकांकडे असावा. प्रत्येक चित्रासोबत चार-पाच ओळींचे टिपण घ्यावे : दिवा कुठे होता, कोणती गोष्ट पुन्हा पाहून दुरुस्त केली, कोणती मुद्दाम बदलली. चित्र उठावदार व्हावे म्हणून एखाद्याने सावली जाणूनबुजून उलटी काढली आणि टिपणात तसे कारणासह नोंदवले, तर कलेत ती निवड ठरते आणि विज्ञानातही तो चुकला, असे म्हणता येत नाही. टिपणात त्याचा उल्लेखच नसेल, तर मात्र त्याला पुन्हा गोळ्यासमोर बसवावे.