पुण्याहून कोकणात कायमचं राहायला जाताना थार घ्यावी का? रोजच्या जगण्यात काय फरक पडतो?

पुण्याचं बिऱ्हाड आवरून दापोलीजवळच्या गावी राहायला जाताय, सोबत बायको, मुलगी आणि गुडघ्यांनी त्रासलेले वडील आहेत, आणि महिंद्राची थार घेतली तर रोजच्या जगण्यात खरंच फरक पडतो की नुसती हौस होते, असं तुम्ही विचारलंय. मी तुमच्या दक्षिणेला, दाभोळ खाडीच्या या अंगाला, गुहागर तालुक्यात राहतो. हापूसची कलमं आहेत, थोडं नारळ-सुपारीचं आगर आहे. २०२१च्या जानेवारीत थार घेतली. डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर, हार्डटॉप. पाच पावसाळे या गाडीने काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फरक पडतो. पण तो किती पडेल हे तुमचं घर डांबरीपासून किती आत आहे यावर ठरतं. आमचं अडीच किलोमीटर आत. आधी सड्यावरचा, म्हणजे माथ्यावरच्या पठारावरचा, उघडा कातळ, मग जांभ्याची उतरण, खाली पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा पूल, आणि तिथून घरापर्यंत दोन्हीकडे गडगे (दगडी कुंपणं) असलेली चिंचोळी वाट. मे महिन्यात इथे कुठलीही गाडी येते, चाकरमानी अल्टो खळ्यापर्यंत आणतात. मिरग (मृग नक्षत्र) लागला की आठवड्याभरात तीच वाट ओळखू येत नाही. कातळावर शेवाळ धरतं, उतरणीच्या लाल मातीचा राडा होतो आणि वरचं सगळं पाणी वाटेवरूनच खाली धावतं. आमची जुनी गाडी आम्ही जूनमध्ये सड्यावर एसटीच्या थांब्याजवळ ठेवून द्यायचो, ती नवरात्रातच खाली यायची. मधले चार महिने सिलिंडर खांद्यावरून, खताची पोती डोक्यावरून, आणि आजारी माणूस खुर्चीत बसवून चौघांनी उचलून.

त्यामुळे आगोट भरणं हे घरातलं मोठं काम असायचं. तांदूळ, डाळी, मीठ, सुकी मासळी, सरपण, औषधं, सगळं मे संपायच्या आत घरात हवं. आता सुकी मासळी आणि आमसुलं तेवढी भरतो, तीही सवयीने. आईची रक्तदाबाची गोळी संपली तर जुलैतल्या कुठल्याही दिवशी जाऊन आणता येते. ऐकायला एवढंसं वाटेल. पण गाडी आल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात आईच्या डब्यात जुन्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या आणि तेव्हा कळलं, की पावसाळ्यात गोळ्या पुराव्यात म्हणून ती कित्येक वर्षं एक दिवस आड घेत होती. आम्हाला त्रास नको म्हणून बोललीच नव्हती. त्या दिवसापासून ‘ही गाडी म्हणजे हौस’ असं मला कुणी म्हटलं तर मी त्यांना हे सांगतो.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, शाळा सड्याच्या पलीकडे. २०१९च्या पावसात तिची स्कूटी शेवाळावरून घसरली आणि मनगट मोडलं. आता पावसाळाभर थार तीच नेते. वाटेत भेटणारी दोन पोरं मागच्या सीटवर बसतात, छत्र्या पायाशी. माझ्यापेक्षा ती ही गाडी चांगली चालवते, कारण उतरणीवर ब्रेकला पाय लावत नाही. ओल्या जांभ्यावर ब्रेक दाबला की चाकं थांबतात, गाडी घसरतच राहते. फोर-लो (चारही चाकांना जोर, वेग अगदी कमी) लावायचं, पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण काढायचा आणि इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यायची. माणूस चालतो तेवढ्या वेगाने ती उतरते. हे अंगात मुरायला मला पहिला अख्खा पावसाळा लागला. त्यात एकदा गाडी तिरकी होऊन गडग्याला टेकली आणि डावा मडगार्ड आत गेला.

तसंच कोरड्या डांबरीवर फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) ठेवायचं नाही. या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरेन्शियल, म्हणजे दोघांना कमी-जास्त फिरू देणारी यंत्रणा, नाही. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर जायचं असतं, ते त्यांना जाता येत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही ॲक्सलना जोर वाटणाऱ्या भागावर, येतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळल्यासारखी करते. डांबरी लागली की टू-हाय (जोर फक्त मागच्या चाकांना), ही सवय हाताला पहिल्या आठवड्यातच लावून घ्या.

२०२३च्या जुलैतली एक रात्र सांगतो. शेजारच्या चौदा वर्षांच्या मुलाला गडगा उतरताना फुरसं चावलं. रात्रीचे साडेनऊ, पाऊस धो धो. १०८ला फोन लावला, ती निघाली, पण ती सड्यावर डांबरीपर्यंतच येणार हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. साकवावरून पाणी जात होतं. माझ्या गाडीत एक बांबूची काठी कायम असते, तिच्यावर पंचेचाळीस सेंटिमीटरवर लाल रंगाची रेघ मारलेली आहे. कंपनी म्हणते ६५० मिलिमीटर पाण्यातून गाडी जाते. ते साचलेल्या पाण्याचं, आणि तळ ठाऊक असतो तेव्हाचं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी सरकवतं, दोन फुटांना थारसारखी गाडीही नेतं. मुलाचे वडील आणि मी हातात हात घालून, काठी टेकत, आधी चालत साकव ओलांडला. पाणी पोटरीच्या मध्यापर्यंत होतं, रेघेच्या चांगलं खाली. पण साकवाच्या कडा दिसत नव्हत्या. मग दोघं जण दोन्ही कडांवर बॅटऱ्या धरून उभे राहिले आणि मी त्या दोन उजेडांच्या मधून, फोर-लो पहिल्यात, कुठेही न थांबता गाडी काढली. मागे मुलगा आईच्या मांडीवर, चावलेला पाय हलू न देता. वर १०८ उभीच होती. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष मिळालं आणि पाचव्या दिवशी पोर घरी आलं.

गाडीने त्या रात्री अडीच किलोमीटरचंच काम केलं. पुढचं सगळं १०८ने आणि डॉक्टरांनी केलं. पण ते अडीच किलोमीटर दुसऱ्या कशानेच झाले नसते, आणि माझे सगळे हप्ते त्या एका खेपेत वसूल झाले असं मला आजही वाटतं.

यातच आणखी एक बदल आला, तो घेण्याआधी घरात बोलून घ्या. अशी गाडी दारात उभी राहिली की ती वाडीची होते. बाळंतपण, दुखणं, मयत, शिमग्याला पालखीचं सामान, सगळ्याला हाक येते. मला ते मनापासून आवडतं, पण बायकोची झोपमोडही त्यात आली. पावसाळ्यात माझी ५७ लिटरची टाकी मी निम्म्याखाली जाऊ देत नाही, ते याचसाठी.

पाण्याचं अजून थोडं. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली, दुकानं आणि तळमजले पाण्याखाली गेले. माझा मामेभाऊ तिथे राहतो, फोन लागत नव्हता. गाडी घेऊन सहा महिने झाले होते, हात शिवशिवत होते, तरी निघालो नाही, आणि ते बरोबरच केलं. पाणी ओसरल्यावर पिण्याच्या पाण्याचे कॅन, भाकऱ्या आणि कोरडे कपडे घेऊन गेलो. गल्लीत नडगीपर्यंत चिकट गाळ होता, त्यात उलटलेल्या खुर्च्या, कपाटं, भिजून फुगलेली वह्यापुस्तकं. तिथे दोन दिवस गाडी फोर-लोमध्येच फिरली. या गाडीचं काम पूर ओसरल्यावरचं, पुरातलं नव्हे. आणि कधी पाण्यात इंजिन बंद पडलंच तर पुन्हा चावी फिरवू नका. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. गाडी ओढून बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. खोल पाण्यातून नीट बाहेर आलात तरी ॲक्सलचं तेल बघायला सांगा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय.

निगेचं म्हणाल तर पुण्यात गाडी वरून धुतात, इथे खालून धुवावी लागते. खारी हवा, धक्क्यावर उडणारे तुषार आणि चासीच्या खाचांत बसलेली लाल माती, हे तिन्ही मिळून लोखंड खातात. मी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाऊन आलो की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून पाइप मारतो. पावसाळ्याआधी खालून गंजरोधक लावून घेतो. आणि गाडी उभी करायच्या जागेजवळ पेंढा किंवा भाताची पोती ठेवू नका. उंदीर वायरी कुरतडतात, आमचं एकदा पूर्ण वायरिंगचं काम निघालं होतं.

तुमच्या दापोलीने ३ जून २०२०चं निसर्ग वादळ सोसलंय. झाडं आडवी पडून रस्ते कसे बंद झाले होते ते गावात कुणालाही विचारा. त्यामुळे गाडीत कोयता, करवत, फावडं, ओढायचा दोर आणि दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या) कायम ठेवा. शोभेचे दिवे आणि मोठे बंपर नंतर, किंवा नाहीच घेतलेत तरी चालेल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. गाडी पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, नेऊ नका. पहिल्या वर्षी मित्रांसोबत मीही नेली होती, ओल्या वाळूत मागची चाकं बसली आणि भरती चढायला लागली. ट्रॅक्टर वेळेत आला म्हणून गाडी वाचली. किनाऱ्यावर गाड्या घालणाऱ्यांवर आता गुन्हेही नोंदवले जातात. पण मला त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२मध्ये वेळासला त्यांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं आणि गावागावांतल्या पोरांनी ते पुढे नेलं. चाकांखाली घरटी दबतात. अंड्यांतून निघालेली पिल्लं तळहाताहून लहान असतात, ती चाकाच्या खोल चाकोरीत पडली की त्यांना समुद्राकडे चढून जाता येत नाही. हे आमच्याकडच्या एका कासवमित्राने मला चाकोरी दाखवून सांगितलं, आणि ती चाकोरी माझ्याच गाडीची होती. तेव्हापासून गाडी सुरुच्या झाडांच्या पुढे गेलेली नाही.

आता जिथे ही गाडी कमी पडते ते. आंबा वाहायला ती नाही. मागची सीट दुमडून मी आठ क्रेट बसवतो, पण हंगामात पिकअप भाड्याने घ्यावीच लागते. डिझेल मला लिटरमागे अकरा-बारा किलोमीटर पडतं, फोर-लोच्या दिवसांत त्याहून कमी. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायला पुढची सीट सरकवून वाकून शिरावं लागतं. आई पहिल्या दिवशी चढूच शकली नाही. तिला पुढे बसवलं तरी पायरी उंच. शेवटी माजघरातला एक जुना फणसाचा पाट गाडीत टाकला. उतरून दार उघडायचं, पाट ठेवायचा, तिचा हात धरायचा, मग पाट परत सीटमागे. आता दवाखान्यातला शिपाईसुद्धा गाडी थांबली की आधी पाट काढतो.

तुमच्या वडिलांचे गुडघे बघता १५ ऑगस्ट २०२४ला आलेली पाच दारांची थार रॉक्स जास्त सोयीची वाटेल. पण तिची रुंदी १,८७० मिलिमीटर आणि लांबी जवळपास साडेचार मीटर. माझी तीन दारांची १,८२० रुंद, म्हणजे आरसे न धरता सहा फूट. आमच्या गडग्यांमधली वाट सर्वांत चिंचोळ्या जागी सात फूट आहे, तिथे मी दोन्ही आरसे मिटून जातो. मारुतीची पाच दारांची जिमनी १,६४५ मिलिमीटर रुंद आहे, वजनाला बरीच हलकी आहे आणि तिलाही खरा फोर-लो आहे. वाट सात फुटांहून अरुंद असेल तर मी डोळे मिटून जिमनी घ्या म्हणेन. काहीही घेतलंत तरी फोर बाय फोरच घ्या. नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळते, दिसते अगदी अशीच, पण ओल्या कातळाच्या चढावर तिचा तुम्हाला काही उपयोग नाही.

पैसे भरायच्या आधी दोन कामं करा. मेजर टेप घेऊन गावी जा आणि घरापर्यंतची वाट तीन-चार ठिकाणी मोजा, शक्यतो जुलैत, म्हणजे साकवावर पाणी कुठवर येतं तेही दिसेल. आणि शोरूमला जाताना वडिलांना सोबत न्या, त्यांना स्वतःला चढून, बसून, उतरून बघू द्या. मापं कळवलीत तर कुठली गाडी जाईल ते मी सांगतो. फेरीबोटीने या बाजूला आलात तर माझी गाडी आमच्या उतरणीवर चालवून बघा. पाट गाडीतच आहे, वडिलांनाही आणा.