साचा तहानलेला पाहिजे

प्रश्न : ताई, आम्ही भद्रावतीजवळचे. घरी आज्यापासून चाक आहे, पण मी आता प्लास्टरच्या साच्यात स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, ओतून पोर्सेलिनचे, म्हणजे चिनी मातीचे, कप काढतो. मे महिन्यात सकाळी ओतलेला कप दुपारपर्यंत आपसूक सुटे. पावसाचं पाणी लागलं तेव्हापासून मात्र साच्याला चिकटूनच बसते, ओढलं की काठ फाटते. म्हणून स्लिप पातळ करायचं सोडियम सिलिकेट थोडं वाढवलं तर अजूनच बिघडलं. काऊन होत असंन? आणि मले ब्रशनं फुलंबिलं काढता येत नाही, तर कपावर नक्षी कशी करू?

उत्तर : भाऊ, तुमचा हात बिघडला नाही, साचा ओला आहे. प्लास्टरच्या बारीक छिद्रांनी स्लिपमधलं पाणी ओढलं म्हणजे मातीचा थर भिंतीला धरतो, मग उरलेली स्लिप ओतून दिली की तोच थर सुकता सुकता आकसतो आणि साचा सोडतो, आता छिद्रांत आधीच पाणी भरलं असलं तर साचा ओढणार काय न् कप सुटणार कसा! सिलिकेटनं कमी पाण्यातही माती पातळ होते हे खरं, पण जास्त झालं की थर साच्याला घट्ट धरतो आणि प्लास्टरची छिद्रंही बुजत जातात. कोरड्या मातीच्या किलोला 3-4 ग्रॅम बहुतेक पुरतं. 1 लिटर स्लिप तोलून पाहा, 1750 ते 1800 ग्रॅम भरली पाहिजे.

साचा चुलीजवळ सुकवू नका, उन्हाळ्यातही तापल्या टिनावर तर नकोच, 50 डिग्रीच्या वर प्लास्टरमधलं मुरलेलं पाणीच उडायला लागतं आणि साचा भुसभुशीत होऊन पावडर सोडतो, आणि ती पावडर मातीत गेली की भाजल्यावर कपाला खड्डे. दोन्ही भाग जोडून रबरानं बांधा म्हणजे वाकणार नाहीत, आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, वेळ लागतो पण तोच रस्ता. एक सवय लावा, साचा पूर्ण कोरडा असताना तोलून वजन पेन्सिलनं त्याच्याच पाठीवर लिहून ठेवा, मग ओतायच्या आधी काटा पाहिला की अंदाज करत बसायला नको. नवा साचा कराल तेव्हा 1 किलो प्लास्टरला साधारण 700 ग्रॅम पाणी, आणि छताच्या पीओपीऐवजी पॉटरीचं प्लास्टर मागा.

आता नक्षी. ब्रश येत नाही म्हणून थांबू नका, मला स्वतःला रंगापेक्षा हे काम जास्त आवडतं. सुतार पॉलिशला वापरतात ती चपडी लाख घ्या, आपल्याकडं गोंदिया-गडचिरोलीत पळसावर धरतात तीच लाख, स्पिरिटमध्ये विरघळवा आणि पूर्ण सुकलेल्या कच्च्या कपावर ठिपके, रेषा, वारली, काय वाटेल ते काढा. वाळली की ओला स्पंज हलक्या हातानं फिरवा. लाखेखालची माती तशीच राहते, बाकीची थोडी थोडी धुऊन जाते, नक्षी उठून येते. पहिली 2-3 वेळा काठ फाटलेल्या कपांवरच करून पाहा, कारण कच्चं पोर्सेलिन पाणी जास्त झालं की हातातच विरघळतं. स्पंज दर वेळी पिळून घ्या. लाख भट्टीत जळून जाते, तेव्हा धूर निघेल, दार-खिडकी उघडी ठेवा. 1280 डिग्रीच्या आसपास कप नीट भाजला गेला की धुतलेली पातळ जागा उजेडाकडं धरली असता मंद चमकते आणि लाखेची जागा गडद राहते, रंगाचा एक थेंब न लावता.