आठ वाजताची पहाट

प्रश्न असा आला आहे : 2019 च्या सत्तानाट्यावरचा एक लांबलचक लेख वाचला, त्यात जागोजागी ‘पहाटेचा शपथविधी’ आहे. शपथ तर सकाळी आठच्या सुमारास झाली. मग ही पहाट कशी?

घड्याळाने पाहिले तर नाहीच. 23 नोव्हेंबरला मुंबईत सूर्य सातच्या आत उगवतो. तांबडे फुटून उजाडले की पहाट सरली. राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार शपथ घेत होते तेव्हा चांगले लख्ख उजाडले होते. त्या दिवशीची खरी पहाट दुसऱ्याच गोष्टीची : राष्ट्रपती राजवट उठवली गेली ती 5 वाजून 47 मिनिटांनी. बहुधा तिचीच वेळ शपथविधीलाही चिकटली. त्यात हातातल्या वर्तमानपत्रात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार अशी बातमी आणि टीव्हीवर भलतेच दृश्य. उठल्या उठल्या बसलेल्या धक्क्याला लोक पहाटच म्हणणार.

पण मला यात व्याकरणाचाही हात दिसतो. अवेळी घडलेल्या गोष्टीसाठी आपल्याकडे ‘सकाळी सकाळी’ हा झकास प्रयोग आहे. ‘सकाळी सकाळी कोण कडमडलं?’ यातली कुरकुर नुसत्या ‘सकाळी’त नाही. मात्र या जोडीला ‘चा’ लागत नाही. ‘सकाळी सकाळीचा शपथविधी’ कोण म्हणेल? आणि ‘सकाळचा शपथविधी’ म्हटले की वाटते, संध्याकाळचाही एक असेल. मथळ्याला विशेषण हवे होते, ते ‘पहाटेचा’ने पुरवले. ‘नवी पहाट’, ‘दिवाळी पहाट’ अशा मंगल संगतीतला हा शब्द इथे मात्र खोचक झाला.

आता ते विशेषनामच आहे. ते सरकार 26 तारखेला राजीनाम्याने संपले, तरी ‘पहाटेचा’ म्हटले की साल सांगावे लागत नाही. त्यामुळे नाव म्हणून तो शब्द लेखात आला तर माझी हरकत नाही. पण त्यावर विसंबून ‘पहाटेच्या अंधारात शपथ उरकली’ असे कोणी लिहिले तर ती सरळ चूक. मथळ्यात जागा नसते हे मान्य. चार पानांच्या लेखात ‘पहाटे पावणेसहाला राजवट उठली, आठला शपथ झाली’ एवढे लिहायला कितीशी जागा लागते? शिवाय त्या दोन वेळांमधले सव्वादोन तासच तर वाचकाला हवे असतात.