वाचक विचारतात : रिपोर्ट बरोबर, मग बीड (कास्ट आयर्न) नापास का?

या वेळचे बहुतेक प्रश्न कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातून आले आहेत. तक्रार थोड्याफार फरकाने एकच आहे. स्पेक्ट्रोचा (ठिणगी पाडून धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राचा) कागद बरोबर येतो, पण कास्टिंग टेस्टिंगला किंवा मशिनिंगला मार खातं. स्पेक्ट्रो कार्बन किती आहे ते सांगतो. तो कार्बन ग्राफाइट (सुटा, मऊ कार्बन) होऊन बसला की सिमेंटाइट (लोखंडाशी जोडलेला, अतिशय कडक कार्बाइड), आणि कोणत्या आकारात बसला, हे त्या कागदावर नसतं. ताकद मात्र त्यावरच ठरते.

प्रश्न : आम्ही एफजी २६० (२६० एमपीए ताकदीचं ग्रे आयर्न) मध्ये पंप बॉडी ओततो. हार्डनेस २०० ते २१० बीएचएन (ब्रिनेल आकडा) येतो, केमिस्ट्रीही रोजचीच. तरी अधूनमधून एखाद्या हीटचा (भट्टीच्या एका घाण्याचा) टेस्ट बार २२० एमपीएलाच तुटतो. दोष कुठे शोधायचा?
— फाउंड्री सुपरवायझर, शिरोली

ग्राफाइटमध्ये. ब्रिनेलचा गोळा मुख्यतः पर्लाइटचा (ग्राफाइटभोवतालच्या कडक लोखंडी पायाचा) कडकपणा मोजतो, म्हणून हार्डनेस ठीक दिसतो. बार ओढताना मात्र ग्राफाइटचा प्रत्येक फ्लेक (पातळ पापुद्रा) आतल्या चिरेसारखा वागतो. फ्लेक जितका लांब, तितका त्याच्या टोकाशी ताण जास्त साठतो. दाबाखाली या चिरा मिटतात, त्यामुळे ग्रे आयर्न ताणापेक्षा दाब तिप्पट-चौपट सोसतं.

तुटलेल्या बारचा तुकडा पॉलिश करा आणि इच न करता (ॲसिड न लावता) १०० पटीवर बघा. ए टाइप, मध्यम लांबीचे, सगळीकडे सारखे पसरलेले फ्लेक हवेत. ते जाड आणि लांब दिसले तर सीई (कार्बन इक्विव्हॅलंट) वर गेला आहे. हिशोब सोपा आहे : कार्बन, अधिक सिलिकॉन व फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा. कार्बन ३.२५, सिलिकॉन १.९५, फॉस्फरस ०.०६ असेल तर सीई ३.९२ येतो आणि २६० साठी तो चांगला आहे. कार्बन ३.४५ आणि सिलिकॉन २.२० झालं की सीई ४.२० वर जातो. मग कॉपर किंवा टिन घालून हार्डनेस राखता येतो, पण फ्लेक जाडच राहतात. तुमच्यासारखा प्रकार बहुधा इथेच असतो.

‘पण रिपोर्टमध्ये कार्बन बरोबर होता,’ असं तुम्ही म्हणाल. मग स्पेक्ट्रोचं सॅम्पल मोडून बघा. आतून ते पूर्ण पांढरं असायला हवं. तांब्याचा साचा तापलेला असला किंवा सॅम्पल जाड असलं की आत ग्राफाइट सुटतं आणि स्पार्कवर कार्बनचं रीडिंग भरवशाचं राहत नाही. ज्यांच्याकडे सीई कप (धातू गोठतानाच्या तापमानावरून सीई दाखवणारा) आहे त्यांनी सीई आणि कार्बनसाठी त्याचं रीडिंग धरावं, बाकी मूलद्रव्यांसाठी स्पेक्ट्रो.

फ्लेक अगदी बारीक, जाळीसारखे आणि इच केल्यावर मध्ये फेराइटचे (मऊ लोखंडाचे) पांढरे डाग दिसले तर तो डी टाइप. इथे सीईला दोष देऊ नका, धातूत ग्राफाइट रुजायला बीजंच उरलेली नव्हती. मोल्ड तयार नाहीत म्हणून धातू १५०० अंशांच्या वर अर्धा-पाऊण तास भट्टीत पडून राहिला की असं होतं. चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या मालात) स्टील स्क्रॅप वाढलं की सल्फरही ०.०५ टक्क्यांखाली उतरतो आणि इनॉक्युलंट (ग्राफाइटला बीजं पुरवणारी मिसळ) नीट काम करत नाही. ग्रे आयर्नला थोडा सल्फर लागतोच. तो ०.०६ ते ०.०८ च्या आसपास ठेवा आणि मँगनीज त्याच्या १.७ पट अधिक ०.३ धरा. सल्फर ०.०६ असेल तर मँगनीज ०.४० पुरे.

इनॉक्युलंट ०.२ ते ०.३ टक्के, म्हणजे ५०० किलोच्या लॅडलला (धातू ओतायच्या बादलीला) एक ते दीड किलो. लॅडल पाव भरल्यावर पडत्या धारेत टाकायला सुरुवात करा आणि पाऊण भरेपर्यंत संपवा. रिकाम्या लॅडलच्या तळाशी टाकलं तर ते चिकटून बसतं, भरलेल्या लॅडलवर टाकलं तर स्लॅगमध्ये (वर तरंगणाऱ्या मळीत) जातं. आठ-दहा मिनिटांत त्याचा असर ओसरतो. पावसाळ्यात पोतं भट्टीजवळ कोरड्या जागी ठेवा, ओलं इनॉक्युलंट पिनहोल (बारीक छिद्रं) देतं.

हे दोन्ही नसेल तर तिसरा संशयित शिसं. ०.००५ टक्क्याच्या घरातलं शिसंही पुरतं. फ्लेकच्या कडांना काटे फुटतात, हे ५०० पटीवर दिसतं. ताकद एकदम कोसळते आणि हार्डनेस जवळपास तसाच राहतो. फ्री-कटिंग स्टीलचं टर्निंग, जुने रेडिएटर, बेअरिंगचा पांढरा धातू आणि जुन्या रंगाचं स्क्रॅप चार्जमधून वेगळं काढा. हे काम यार्डात, भट्टीत पडण्याआधीच झालं पाहिजे.

प्रश्न : बाहेरून ग्रे आयर्नची कास्टिंग घेऊन मशिनिंग करतो. बारीक रिब आणि कडांवर इन्सर्टची टीप उडते. फाउंड्री म्हणते हार्डनेस १९० आहे. खरं कोण?
— मशीनशॉप चालक, उद्यमनगर

दोघंही. हार्डनेस जाड भागावर घेतलेला असतो आणि तुमची टीप कडेला उडते. चार-पाच मिलिमीटरच्या रिबमध्ये धातू इतका झटपट गोठतो की कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळच मिळत नाही. तो सिमेंटाइट होतो आणि त्यापुढे पर्लाइट मऊच. आधी साधी कानस लावा. घसरली तर चिल (पांढरा, सिमेंटाइटचा कडक थर) आहे. कानस चालते पण टीप झिजते, तर बहुधा वाळू चिकटलेली आहे. मग भांडण इनॉक्युलेशनचं नाही, फेटलिंगचं (कास्टिंग साफ करण्याचं) आहे.

फाउंड्रीला प्रत्येक लॅडलची वेज टेस्ट (पाचरीच्या आकाराचा नमुना ओतून मोडणं) करायला सांगा. वेज मोडल्यावर टोकाकडची पांढरी खोली मोजायची आणि तुमच्या सर्वांत बारीक रिबला चालेल अशी मर्यादा ठरवून घ्यायची. कड चांगली आणि गाभा पांढरा निघाला तर क्रोमियम तपासा, ते ०.२ च्या पुढे नको. तयार झालेला माल ९०० ते ९२० अंशांवर एक-दोन तास धरून भट्टीतच हळू थंड केला तर सिमेंटाइट सुटतं. पण सोबत पर्लाइटचं फेराइट होतं आणि ताकद ग्रेडखाली जाऊ शकते. म्हणून ग्राहकाला विचारल्याशिवाय हा उपाय करू नका.

प्रश्न : एसजी ५००/७ (गोल ग्राफाइटचं बीड, ताकद ५०० एमपीए आणि लांबवाढ ७ टक्के) मध्ये लांबवाढ तीन टक्केच मिळते. नोड्युल (ग्राफाइटच्या गोळ्या) गोल दिसतात, टेन्साइल ६१० येतं. मॅग्नेशियम वाढवावं का?
— क्वालिटी इन्स्पेक्टर, गोकुळ शिरगाव

अजिबात नाही. ताकद आणि लांबवाढ दोन्ही पडली असती तर नोड्युलचा आकार, कार्बाइड किंवा श्रिंकेजवर (गोठताना पडणाऱ्या पोकळ्यांवर) संशय घेतला असता. ताकद वर आणि लांबवाढ खाली, म्हणजे पर्लाइट जास्त झालं आहे. मॅग्नेशियम वाढवलंत तर कार्बाइड आणि श्रिंकेज ओढवून घ्याल. उरलेलं मॅग्नेशियम ०.०३५ ते ०.०५० मध्ये असलं की झालं.

पर्लाइट आलं कुठून, ते रिटर्नच्या (पुन्हा वितळवायच्या उरलेल्या मालाच्या) ढिगात शोधा. ७००/२ चे रनर-रायझर याच चार्जमध्ये जात असतील तर त्यांच्यातलं कॉपर वितळताना जळून जात नाही. ०.८ टक्के कॉपरचे रिटर्न ४० टक्के घातले की काहीही न मिसळता ०.३२ कॉपर आलंच. त्यावर कुणी सवयीने आणखी घातलं तर लांबवाढ गेली. ग्रेडप्रमाणे रिटर्नचे ढीग वेगळे ठेवा आणि त्यावर रंगाची खूण करा. स्टील स्क्रॅपमधलं मँगनीजही पाहा. गाड्यांच्या हाय-टेन्साइल पत्र्यात ते दीड टक्क्यापर्यंत असू शकतं. तुमच्या धातूत ते ०.३ च्या खाली हवं.

एक गोष्ट मात्र आजच बदला. नोड्युलॅरिटीचं सॅम्पल पहिल्या मोल्डचं न घेता शेवटच्या मोल्डचं घ्या. मॅग्नेशियम दर मिनिटाला उडत असतं. ट्रीटमेंटनंतर (मॅग्नेशियम घातल्यावर) दहा मिनिटांच्या आत ओतून संपवलं नाही तर शेवटच्या मोल्डमध्ये नोड्युलऐवजी किड्यासारखं वाकडं ग्राफाइट येतं. पहिल्या मोल्डचं सॅम्पल ते कधीच दाखवणार नाही.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी ग्रे आयर्नचं सॅम्पल करतोय. ग्राफाइटच्या जागी नुसते काळे खड्डे दिसतात.
— पदविका विद्यार्थी, कोल्हापूर

ग्राफाइट उपटून निघालं आहे. २२०, ३२०, ४००, ६००, ८०० अशा क्रमाने पाणी सोडत घासा आणि दर कागदाला सॅम्पल ९० अंशांत फिरवा. आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या कागदावर जाऊ नका. झिजलेला कागद आणि जास्त दाब, हेच ग्राफाइट उपटतात. पुढे कमी केसाच्या कापडावर ३ आणि मग १ मायक्रॉनचा डायमंड. लांब केसाच्या मऊ कापडावर जास्त वेळ पॉलिश केलंत तर खड्डे मोठे होत जातात. धुतल्यावर वरून अल्कोहोल ओतून गरम हवेने लगेच वाळवा, नाहीतर फ्लेकभोवती गंज धरतो. आधी इच न करता ग्राफाइटचा फोटो घ्या. मग २ टक्के नायटलमध्ये (अल्कोहोलमधल्या नायट्रिक ॲसिडमध्ये) काही सेकंद, पृष्ठभाग मंद होईपर्यंतच. नायटल करताना अल्कोहोलमध्ये ॲसिड थेंबथेंब घालायचं, हातमोजे आणि चष्मा लावूनच.

प्रश्न : ३० मिमीचा टेस्ट बार २६० देतो. मग ६० मिमी जाडीच्या कास्टिंगमध्येही २६० धरायचं का?
— डिझाइन इंजिनिअर, कागल

नाही. जाड भाग हळू गोठतो, फ्लेक लांब होतात आणि पर्लाइट विरळ होतं, त्यामुळे तिथली ताकद बारपेक्षा कमीच असते. ग्रेड हा वेगळ्या ओतलेल्या बारचा आकडा आहे. ज्या जागी भार येतो तिथली किमान ताकद ड्रॉइंगवर लिहा आणि पहिल्या नमुन्यातून त्याच जागेचा बार कापून तोडायला सांगा. शेकआउटची (मोल्ड फोडून कास्टिंग बाहेर काढण्याची) वेळही ठरवून द्या. ७५० अंशांच्या वर मोल्ड फोडला की त्याच धातूत पर्लाइट आणि अंतर्गत ताण दोन्ही वाढतात, आणि दोन पाळ्यांचा माल दोन तऱ्हेचा निघतो.