यमाताराजभानसलगं आणि गणिताचा तास

सप्रेम नमस्कार,

सातवीच्या वर्गात भाषा आणि गणित एकत्र शिकवायचं ठरवलंस, फार आनंद झाला. पण पाढ्यांना चाल लावली किंवा हृदयाचं चित्र रंगवून घेतलं, एवढ्याने विषय जोडले जात नाहीत. दोघांनी मिळूनच सोडवावा लागेल असा प्रश्न हवा. तो आपल्या कवितेच्या वृत्तांमध्ये, म्हणजे छंदांमध्ये, तयार आहे.

सुरुवात कानापासून कर. मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणारा वेळ मोजायचं माप. लघू, म्हणजे आखूड उच्चाराचं अक्षर, त्याची एक मात्रा; गुरू, म्हणजे लांब उच्चाराचं, त्याच्या दोन. मनाच्या श्लोकांतलं 'मना सज्जना' म्हणायला लाव. लघूला एक टिचकी, गुरूला टाळी आणि एक रिकामा ठोका. मुलं हमखास अडतात ती 'सज्जना'तल्या 'स'वर. लिहिताना तो ऱ्हस्व दिसतो, पण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो, म्हणून गुरू. लगेच 'तुम्ही' दे. इथेही जोडाक्षर आहे, पण 'तु'वर आघात येत नाही. तो लघूच राहतो. नियम फळ्यावर लिहिण्याआधी हे दोन शब्द चार-चारदा म्हणवून घे. 'घर'पाशीही घोळ होतो: बोलताना 'र'मधला अ आपण गिळतो, वृत्तात मात्र दोन लघू पुरे धरतो.

मग जाड कागदाच्या पट्ट्या काप: लघू 2 सेंमी, गुरू 4 सेंमी, रंग वेगळे. प्रत्येक गटाला 20 लघू, 10 गुरू. पाच मात्रा भरतील अशा लघू-गुरूंच्या मांडणीच्या सगळ्या तऱ्हा एकाच वेळी बाकावर मांडायला नेमक्या एवढ्याच लागतात. एका मात्रेपासून चढत जा. तऱ्हा येतील 1, 2, 3, 5, 8. सहा मात्रा मांडू देऊ नकोस, विचार: ओळीची शेवटची पट्टी कोणती असेल? लघू असेल तर आधी पाच मात्रा भरायच्या, गुरू असेल तर चार. म्हणून 8 आणि 5 मिळून 13. हे मुलांच्या तोंडून येईपर्यंत थांब. आकड्यांचा क्रम आधीच सांगितलास, तर ती नुसती बेरीज करत सुटतील आणि कारण हाती लागणार नाही. हे उमगल्यावर सांग, की हा आकड्यांचा क्रम ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या इटालियन गणिती फिबोनाचीचा ग्रंथ 1202 सालचा. विरहांक आणि हेमचंद्र या भारतीय छंदशास्त्रकारांनी हीच मोजणी त्याआधी केली होती, तीही छंदांसाठीच.

दुसऱ्या तासाला आठ मुलं गोलात उभी कर. हातात क्रमाने पट्ट्या: लघू, गुरू, गुरू, गुरू, लघू, गुरू, लघू, लघू. लागोपाठची कुठलीही तीन मुलं घे, एक गण, म्हणजे तीन अक्षरांचा लघू-गुरूंचा गट, मिळतो. गोल पुरा फिरलास की आठही गण येतात, एकही दोनदा नाही. गण लक्षात ठेवायचं 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र दहा अक्षरांत का भागतं, ते तिथे डोळ्यांना दिसतं: गोल सरळ ओळीत लिहिला की सुरुवातीचे लघू-गुरू शेवटी पुन्हा घ्यावे लागतात.

विज्ञानाच्या शिक्षकांना सोबत घ्यायचं असेल तर तबला आण. शाईमुळे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोल थरामुळे, त्याचे उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) मूळ सुराच्या पटीत येतात, सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 साली यावर लिहिलं. मात्र ते पुढच्या सत्रात. दोन्ही एकदम नको.

बहुतेक जण 13 वर थांबतात, आणि कविता कच्चा माल होऊन राहते. तू थांबू नकोस. आठ मात्रांच्या 34 तऱ्हा असतात. प्रत्येकाला त्यातली एक निवडून तिच्यात स्वतःची ओळ रचायला सांग. ओळी मोठ्याने वाचून घे. काही कानाला चटकन पटतील, काही अडखळतील. असं का, हे वर्गाला बोलू दे, आणि त्यासाठी निदान पंधरा मिनिटं राखून ठेव.