नाल्याकाठची ती मर्यादवेल नव्हे

प्रश्न : समुद्रकाठच्या मर्यादवेलीचा पाला गरम करून सुजलेल्या सांध्यावर बांधतात, असं कोकणातले पाहुणे सांगतात. आमच्या नाल्याकाठी तसंच फिकं जांभळं फूल आहे. तोच पाला चालेल का?
— वाचक, दारव्हा (यवतमाळ)

उत्तर : नाही, ती बेशरम नावाची वनस्पती आहे. फुलावर जाऊ नका, पान बघा. मर्यादवेलीचं पान जाड, आपट्यासारखं टोकाला दुभंगलेलं. वेल वाळूवर सरपटते, पेरापेराला मुळं धरते. बेशरम उभी वाढते, पान लांबट, टोकदार. चीक दोन्हींना येतो. बेशरम विषारी आहे. शेळ्यांनी दिवसेंदिवस खाल्ली तर पाय लटपटतात, जनावर खंगतं. शेळ्या तिकडे सोडूच नका!

मर्यादवेल लावायची तर कुंडीत 3 भाग रेती, 1 भाग माती घ्या. नुसत्या काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात. बियांची साल टणक असते, म्हणून एका बाजूने पॉलिशपेपरवर घासून रात्रभर भिजवा. पाला पोटात मात्र घेऊ नका.