२३५७ पाठ, २३५८ विसरला

समलैंगिकता आणि चर्च या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं या अंकात घेतली आहेत. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा. मुलींबद्दल ओढ वाटत नाही, मुलग्यांबद्दल वाटते, असं त्यानं दोन महिन्यांपूर्वी सांगितलं. प्रार्थना गटातल्या बायका म्हणतात, त्याला बाधा आहे, चार दिवसांच्या रिट्रीटला (प्रार्थना शिबिराला) नेऊन सोडवून आणू. मिस्टर म्हणतात, मानसोपचाराच्या दवाखान्यात ठेवू, नाहीतर लग्न लावून देऊ. आम्ही कॅथलिक. काय करू?
– एक आई, वसई

उत्तर : ताई, आधी बाधेचं बघू. कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, कलम ११७२ सांगतं की बिशपनं खास आणि स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज कुणालाही भूत काढण्याचा विधी करता येत नाही, आणि ती परवानगी फक्त धर्मगुरूलाच मिळते. प्रार्थना गटाला किंवा बाहेरून आलेल्या प्रवचनकाराला ती मिळूच शकत नाही. कुणी मुलाला उपाशी ठेवून, डोकं दाबून, ओरडून ‘सोडवायला’ निघालं, तर बिशपांचं पत्र मागा. शिवाय कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ समलैंगिकतेबद्दल बोलतो तिथे भुताचा उल्लेखच नाही. तिच्या कारणांबद्दल त्याचा परिच्छेद २३५७ एवढंच म्हणतो की समलैंगिकतेचं मानसिक मूळ बरंचसं उलगडलेलं नाही.

त्याच परिच्छेदात समलिंगी संभोग स्वभावतः अव्यवस्थित, म्हणजे नैसर्गिक क्रमाला सोडून असलेला, म्हटला आहे, आणि तेवढं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. लगेच पुढचा २३५८ सांगतो की अशा माणसांचा आदरानं, करुणेनं आणि हळुवारपणे स्वीकार करावा, अन्याय्य भेदभावाची खूणसुद्धा दिसू नये. २३५९ त्यांना ब्रह्मचर्याचं आवाहन करतो. तिन्ही मिळून चर्चची शिकवण होते. पहिला वाचून पुस्तक मिटणारा माणूस चर्चची बाजू मांडत नसतो, स्वतःची मांडत असतो.

आता दवाखाना. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ३ म्हणतं की समाजातल्या नैतिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी कुणी जुळत नाही, म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. सज्ञान माणसाला नुसत्या आईबापांच्या सहीवर दाखल करता येत नाही. इच्छेविरुद्ध ठेवायचं तर कलम ८९ लागतं. त्यासाठी गंभीर आजार हवा, जिवाला धोका किंवा तशी अवस्था हवी, आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करायला हवी. तुमच्या मुलाला यातलं काहीच लागू नाही. समलैंगिकता हा आजार नाही, हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं २०१८ मध्येच जाहीर केलंय. ती ‘बदलून देण्याचे’ उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. त्यामुळे ‘बरा करतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते. खोलीत कोंडून ठेवणं हा तर सरळ गुन्हाच आहे.

हे उपचार फसतात ते असे : मुलगा ओढ बदलायला नाही, उत्तरं बदलायला शिकतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हटलं की सुटका होते, हे त्याला तिसऱ्या दिवशी कळतं. घरचे देवाचे आभार मानतात आणि तो कुणाशीच खरं बोलेनासा होतो. अमेरिकेतली एक्झोडस इंटरनॅशनल ही ख्रिस्ती संस्था कित्येक वर्षं हेच काम करत होती. २०१३ मध्ये तिच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली आणि संस्था बंद झाली.

लग्नाचं मात्र मनातूनही काढून टाका. त्यात एका मुलीचं आयुष्य भरडलं जातं. आणि संमती मिळावी म्हणून एवढी मोठी गोष्ट लपवली असेल, तर कॅनन लॉच्या कलम १०९८ खाली ते लग्न रद्दबातल ठरवण्यासाठी दावा होऊ शकतो.

फादरांशी बोलायचं तर आधी मुलाला विचारा. कन्फेशनमध्ये सांगितलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. थेट फोडलं तर ते आपोआप बहिष्कृत होतात. पण ऑफिसात चहा घेताना बोललेल्याला हे गुप्ततेचं बंधन लागत नाही. बहुतेक बातम्या तिथूनच गावात जातात. तुम्हालाच झोप लागत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

प्रश्न : आम्ही प्रोटेस्टंट. पवित्र शास्त्रात लिहिलंय तेवढंच आम्ही बोलतो, तरी कॉलेजातली मुलं आम्हाला असहिष्णू म्हणतात. सत्य सांगणं म्हणजे द्वेष का?
– एक मंडळीसेवक, अहिल्यानगर

उत्तर : नाही. चर्चमध्ये लग्न एक पुरुष आणि एक स्त्री यांचंच लागेल असं मानणं म्हणजे द्वेष नव्हे. पण ‘लिहिलंय तेवढंच’ हे तपासून घ्या. या विषयावरची म्हणून दाखवली जाणारी वचनं पाच-सात आहेत : उत्पत्ती १९, लेवीय १८:२२ आणि २०:१३, रोमकरांस १:२६-२७, १ करिंथकरांस ६:९, १ तीमथ्य १:१०.

सदोम गावाची गोष्ट (उत्पत्ती १९) आधी यादीतून काढा. तिथे गाव मिळून पाहुण्यांवर बलात्कार करायला आलंय. आणि सदोमेचं पाप कोणतं ते यहेज्केल १६:४९ सांगतो : गर्व, भरलेलं पोट, सुस्त चैन, गरिबाला हात न देणं. करिंथकरांसमधला ग्रीक शब्द ‘आर्सेनोकोइताय’ (शब्दशः ‘पुरुषांबरोबर निजणारे’) त्याआधी कुठे सापडत नाही. लेवीयच्या ग्रीक भाषांतरातले दोन शब्द जोडून ते पत्र लिहिणाऱ्या पौलानं तो घडवला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, आणि तो दडपणंही अप्रामाणिकपणा होईल. उलट बाजू अशी की इंग्रजी बायबलात ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द पहिल्यांदा १९४६ च्या आरएसव्ही (रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन) भाषांतरात आला आणि १९७१ च्या सुधारित आवृत्तीत त्याच भाषांतराच्या समितीनं तो काढला. शब्दाचा अर्थ इतका सरळ असता तर ही वेळ आली नसती.

आता तुमच्या प्रश्नाचं मर्म. करिंथकरांसच्या त्याच यादीत लोभी, दारुडे आणि चहाडखोर आहेत. तुमच्या मंडळीत चहाडखोराचं नाव गायनवृंदातून कमी झालंय का? हुंडा घेणाऱ्याला घराबाहेर काढा म्हणून त्याच्या घरमालकाला कुणी फोन केलाय का? घटस्फोट घेऊन दुसरं लग्न करण्याबद्दल मार्क १०:११-१२ मध्ये येशू स्वतः बोलतो. समलैंगिकतेबद्दल शुभवर्तमानांत त्याचा एक शब्द नाही. एकाच पापाला वेगळा तराजू लागला की कॉलेजातली मुलं ‘असहिष्णू’ म्हणतात, आणि तिथे त्यांचं चुकत नाही.

प्रश्न : मुलगा लंडनला जोडीदाराबरोबर राहतो. दोघांना चर्चमध्ये आशीर्वाद हवाय. एक कॅथलिक, एक अँग्लिकन. मिळेल का?
– एक वडील, पुणे

उत्तर : कॅथलिक फादर देऊ शकतात, पण लग्नासारखा नाही. १८ डिसेंबर २०२३ च्या व्हॅटिकनच्या घोषणेप्रमाणे आशीर्वाद उत्स्फूर्त हवा, छापील विधी नको, नोंदणी विवाहाच्या समारंभात किंवा त्याला जोडून नको, लग्नाचे कपडे नकोत. ४ जानेवारी २०२४ च्या खुलाशात वेळही दिली आहे : १०-१५ सेकंद. हॉल बुक करून फोटोग्राफर बोलावला की फादर नाही म्हणतात, आणि नियमानं बरोबर म्हणतात. आफ्रिकेतल्या बहुतेक बिशपांनी तर एवढंही नाकारलं.

अँग्लिकनांच्या चर्च ऑफ इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२३ पासून नेहमीच्या उपासनेत अशा जोडप्यासाठी प्रार्थना म्हणता येतात. पाळकावर सक्ती नाही. लग्न मात्र तिथे कायद्यानंच लागत नाही. चर्चमध्ये लग्नच हवं असेल तर युनायटेड रिफॉर्म्ड चर्च २०१६ पासून आणि ब्रिटनचं मेथडिस्ट चर्च २०२१ पासून लावतं. दोन्हींत निर्णय त्या-त्या स्थानिक मंडळीचा असतो, म्हणून आधी फोन करून विचारायचं.

प्रश्न : समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम टिकवायला भारतातली चर्चच कोर्टात गेली होती ना?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : काही गेली होती. संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणाऱ्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत ख्रिस्ती संघटना होत्या, तशा इतर धर्मांच्याही होत्या. पण डिसेंबर २०१३ मध्ये कलम पुन्हा जिवंत झालं तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलैंगिक गुन्हेगार नाहीत अशी जाहीर भूमिका घेतली. समलिंगी विवाहाला त्यांचा विरोध होताच. पाप आणि गुन्हा यांतला हा फरक पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ च्या मुलाखतीत केला. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सज्ञानांच्या संमतीचे संबंध ३७७ मधून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही.